अरुंधती दिसली का?

बहात्तरच्या दुष्काळानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात भावाचं लग्न झालं. मुलगी वैरागची. नव्या नवरीला अरुंधतीचा तारा दाखवायची रीत आहे, पण आमच्या भटजींना घाई फार. त्यांनी भर दुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट केलं आणि दिसली म्हणा, असं सांगितलं. नवरी दिसली म्हणाली, संपलं.

मला ते सहन झालं नाही. मी कॉलेजात जात होते, नाकावर चष्मा होता आणि आकाशातलं आपल्याइतकं सोलापुरात कुणाला कळत नाही असा तोरा होता. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर सगळे गच्चीवर वाऱ्याला बसले होते. मी वहिनीला उठवलं आणि उत्तरेकडे तोंड करून शिकवायला लागले. ध्रुवाच्या वर सप्तर्षी. चार ताऱ्यांचा चौकोन, तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीतला मधला तो वसिष्ठ. त्याला खेटून बारीक ठिपका, ती अरुंधती. ती दिसली म्हणजे नजर चांगली.

"दिसली की," वहिनी म्हणाली.

फारच लवकर म्हणाली. मला शंका आली, आणि खरं सांगायचं तर शंका आल्याचा आनंदच झाला. मी तिचे खांदे धरून तिला गर्रकन दक्षिणेकडे वळवलं आणि पुन्हा विचारलं. चौकोन दिसतो? शेपटी? अरुंधती? ती प्रत्येकाला व्हय म्हणत गेली. मग मी हसत हसत सगळ्यांना सांगितलं की सप्तर्षी तिच्या पाठीमागे आहेत.

आई हसली नाही. तिने कंदील वर धरला, चार पावलांवर उभी राहून हाताची बोटं किती ते विचारलं. वहिनी चुकली. आंधळी गळ्यात मारली, आई म्हणाली. भाऊ खाली बघत बसला. चष्म्याने काम भागलं असतं, हे कुणी बोललं नाही. माझ्या चष्म्याचं घरात कौतुक होतं, तो अभ्यासाने लागला होता. मीही गप्प बसले.

सकाळी तिची ट्रंक दारात आली. वैरागची एस.टी. नऊची होती. परत कुणी न्यायला येणार नाही, हे तिला कळलं होतं. ती रडली नाही. पायाने चाचपत चप्पल घातली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वन्सं, चांदण्या लई असत्यात का वो? मला वाटायचं चंद्र तेवढा खरा, बाकीचं लोक उगं म्हणत्यात."

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणाले, आणि तिला वाट द्यायला बाजूला झाले.