टेकडाऊन, वन-पीस आणि ट्रकचा मिस्त्री

“भाऊ, आता तुमीच वढून दाखवा,” कविता मॅडम म्हणाल्या.

मी स्वतःच्या हातानं बनवलेलं ते धनुष्य उचललं, पाय रोवले आणि दोरी ओढली. दोरी अर्ध्यापर्यंतही आली नाही. मान वाकडी झाली. आमचा वेल्डर बाबूभाई काम थांबवून बघत होता. त्याच्या हातात दिलं. त्यानं ईर्षेनं हनुवटीपर्यंत आणलं आणि पुढचे दोन दिवस उजवा खांदा शेकत बसला.

मॅडमची निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती.

मी आळेफाट्यावर ट्रकच्या बॉड्या बांधणारा मिस्त्री. कंपनीकडून ट्रक येतो तो नुसता सांगाडा असतो, मागचा लाकडी हौद आम्ही बांधतो. धनुष्याशी माझा संबंध लहानपणी बांबूच्या कांबीचं केलं होतं तेवढाच. कविता मॅडम बोरी बुद्रुकच्या. शाळेत खेळ शिकवायच्या, तात्पुरत्या नेमणुकीवर. स्वतः लांब लाकडी धनुष्य मारायच्या, ज्याला नेम धरायची काच नाही की तोल सांभाळायची वजनं नाहीत. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला अर्ज करता येणार होता. पुढच्या वर्षी वयाची अट संपत होती, म्हणजे ही शेवटची संधी. आणि ज्या उसन्या धनुष्यावर सराव केला होता, ते मालकिणीनं परत नेलं होतं. नवं परवडत नव्हतं, म्हणून लाकडाचं काम करणाऱ्या माझ्याकडे त्या आल्या होत्या.

महिन्यापूर्वी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी मला दोन प्रकार समजावले. वन-पीस म्हणजे साडेपाच फुटांचं अख्खं एकच लाकूड. टेकडाऊन म्हणजे मुठीपाशी दोन तुकडे होणारं. मुठीत लोखंडी नळी असते, तिच्यात दोन्ही तुकडे बसवायचे, खेळून झालं की काढून पिशवीत टाकायचे.

“एसटीत अख्खं धनुष्य न्यायचं लई अवघड पडतं,” त्या म्हणाल्या. “पण सांध्याची भीती वाटते. हलला तर नेम गेला.”

सांधा म्हटल्यावर माझी छाती फुगली. “मॅडम, माझ्या सांध्यावरून पंधरा-पंधरा टन कांदा गेलाय. तुमी टेकडाऊनच घ्या.”

“आन तीस पौंडाचं पाहिजे.”

पौंड म्हणजे दोरी हनुवटीपर्यंत ओढायला लागणारा जोर. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. मी वहीत तीस लिहिलं आणि मनात पंचेचाळीस धरलं. यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या धंद्यात खरा आकडा कोणी सांगतच नाही. ट्रकवाला नऊ टन म्हणतो आणि चौदा भरतो. बॉडी उखडली की नाव मिस्त्रीचं खराब. त्यामुळे फाट्यावरचा प्रत्येक मिस्त्री सांगितलेल्या आकड्याच्या दीडपट मजबूत बांधतो आणि गिऱ्हाइकाला बोलत नाही. मॅडमसाठीही मी तेच केलं. जुन्या बैलगाडीची धामणीच्या लाकडाची दांडी माझ्याकडे पडून होती, पुरती वाळलेली, चांगली लवचीक. तिच्यातून दोन जाडजूड तुकडे काढले. नळी चार एमएम पत्र्याची केली, वरून दोन बोल्ट मारले. तयार धनुष्य हातात घेतलं की जॅक उचलल्यासारखं वाटायचं. मला मात्र त्याचा अभिमान होता.

तर ते धनुष्य आता आम्हा तिघांमध्ये ओंडक्यावर पडलं होतं.

“मी तीस म्हणले व्हते, भाऊ.”

“लोक कमीच सांगतात, मॅडम.”

“मी कशाला कमी सांगंन? मलाच वढायचंय ना ते?”

 त्या शेजारच्या फळीवर बसल्या आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधी मी आहे तेच तासायला घेतलं. दोन दिवस तासलं. जोर उतरला, पण घाईत नळीच्या तोंडाशी लाकूड बारीक झालं आणि सांधा खेळायला लागला. दर बाणाला मुठीत टक असा आवाज. मी ट्यूबचं रबर कोंबलं, पत्र्याची पाचर मारली. मागच्या बाजूला भुशाची पोती रचून मॅडमनी बाण मारले, तर एक डावीकडे, दुसरा उजवीकडे. पंधरा टन पेलणारा माझा सांधा एका बाणाला हलत होता.

“र्‍हाऊ द्या आता,” मॅडम म्हणाल्या. “वन-पीसच करा. एसटीचं मी बघते.”

दांडीचा एक लांब तुकडा उरला होता. यावेळी मॅडम शाळा सुटली की येऊन समोर उभ्या राहायच्या. धनुष्य भिंतीला आडवं टांगायचं, दोरीला कांद्याच्या गोण्या तोलायचा ताणकाटा अडकवायचा आणि खाली ओढायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचं आणि काट्यावरचा आकडाही. रंध्यानं काम वीस किलोपर्यंत उतरवलं, पुढं काचेच्या तुकड्यानं खरवडायला लागलो. सोळावर माझा हात थांबला.

“अजून,” मॅडम म्हणाल्या.

“मोडंल, मॅडम.”

“न्हाई मोडत. अजून.”

इतकं बारीक लाकूड मी आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं. साडेतेरावर काटा आला तेव्हा मॅडमनी धनुष्य उतरवलं, दोरी सहज हनुवटीपर्यंत आणली आणि पहिल्यांदा हसल्या. चाचणीला तीन दिवस उरले होते.

चाचणीला पुण्याला मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. दोरी काढलेलं धनुष्य गुडघ्यांत उभं धरून मी एसटीत बसलो. मॅडम शेजारी बाणांची पिशवी घेऊन. मागच्यानं विचारलं, “भाऊ, पडद्याचा पाइप का?” वाटेत पेठ गावाला गर्दी चढली. एक आजोबा माझ्याजवळ उभे राहिले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तसं त्यांनी आधाराला धनुष्यच पकडलं आणि सगळा भार टाकला. लाकूड वाकलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं.

“पावणं, ते धनुष्य हाय.”

“असू द्या की,” हात न काढता आजोबा म्हणाले. “घट्ट हाय.”

त्यांना मी जागा दिली आणि उरलेला रस्ता धनुष्य कवटाळून उभ्यानं काढला.

मैदानावर सुरुवातीचे बाण बरे नव्हते. मी झाडामागे उभा राहून स्वतःला शिव्या घालत होतो. नंतर मात्र हात बसला. संध्याकाळी नावं वाचली. सहा जणी घ्यायच्या होत्या, मॅडमचं नाव सहावं आलं. त्यांनी धनुष्य माझ्या हातात दिलं आणि नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिल्या. मलाही भरून आलं. पुढं त्यांना कोट्यातून नोकरी लागली.

त्या दिवशी पुण्याहून परत येताना मी ठरवलं, गिऱ्हाईक सांगेल तोच आकडा धरायचा. महिन्याभरानं एक कांदेवाला आला, नऊ टन म्हणाला. मी इमानदारीत नऊ टनांचीच बॉडी बांधली. तिसऱ्या खेपेला तो मागचा फाळका, म्हणजे हौदाचं दार, दोरीनं बांधून परत आला.

“किती भरलं व्हतं?”

“चौदा.”

“नऊ म्हनला व्हता ना?”

“राव, तसं म्हनायचं असतं.”

तेव्हापासून मी पुन्हा दीडपट बांधतो. खरा आकडा सांगणारं गिऱ्हाईक मला सगळ्या धंद्यात एकच भेटलं, आणि नेमकं त्यालाच मी खोटं धरलं.