मित्राच्या श्वासाचा आकडा

"तुमच्या मुलीची फुप्फुसं कमी भरतायत. छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." शाळेत तपासणीला आलेल्या मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. माझी संघमित्रा, घरातली मित्रा, शेजारी उभी राहून बिस्किट खात होती.

माझा धाकटा भाऊ परभणीला दम्याने गेला, तेरा वर्षांचा असताना. मित्रा अकराची आहे. कागद मी पुढे वाचलाच नाही.

चाचणीचं नाव स्पायरोमेट्री. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात फुंकायचं. एकूण जी हवा बाहेर येते तिला एफव्हीसी म्हणतात. मित्राची एफव्हीसी कमी आली होती.

डॉक्टरांची वेळ नऊ दिवसांनंतरची मिळाली. ते नऊ दिवस मी तिची पाठ सोडली नाही. केबिन रोडच्या बाजारात भाजी घेतानाही कान तिच्या श्वासाकडे. ती शाळेच्या कबड्डी संघात होती. ऐन स्पर्धेच्या आठवड्यात मी सरांना फोन करून तिचं नाव काढायला लावलं.

"मम्मी, मला काहीच होत नाहीये," ती रडत म्हणाली. मी तिच्यावरच ओरडले.

दवाखान्यात चाचणी पुन्हा झाली. मग पंपातून औषध देऊन आणखी एकदा. एक्स-रे झाला. मी बाहेर बाकावर बसून होते. भावाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. "फुप्फुसं चांगली आहेत, श्वासनलिका मोकळ्या आहेत. वय, उंची सांगितली की यंत्र एका तक्त्यावरून ठरवतं, किती हवा यायला हवी. शाळेतल्या यंत्रात परदेशी मुलांचा तक्ता होता. त्यात आपली धडधाकट मुलंही पुष्कळदा कमी दिसतात. तो तक्ता आपल्या मुलांना चालतो का, हेच शाळेत आलेले लोक तपासत होते. त्यांच्या या संमतीच्या फॉर्मवर लिहिलंय बघा."

फॉर्मवर सही माझीच होती, तपासणीआधी न वाचता केलेली.

असा कागद तुमच्या हातात आला तर घाबरू नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? डॉक्टरांकडे जाच. पण हेही विचारा, की तुलना कोणत्या मुलांशी केलीय. त्या डॉक्टरबाईंनी मला एवढं समजावून सांगितलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

स्पर्धा तोवर होऊन गेली होती. रिक्षात मी मित्राला म्हटलं, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "मला विचारायचंस ना, मम्मी. श्वास तर मीच घेत होते."