हललेले फोटो

पनवेलच्या आसपास कुठेही हळद असली की एक फोटोग्राफर हमखास दिसतो. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त बेंजो वाजवतो, आणि तो वाजवायला लागला की हा कॅमेऱ्यासकट नाचतो. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये आम्ही नवराबायको धूसर आणि मागचा बेंजोवाला लख्ख आहे. मी तक्रार केली, तर म्हणाला, "तुमी एका दिवसाचे नवरदेव. तो माजा रोजचा हाय."

मुलीच्या हळदीला मी मुद्दाम दुसरी, आपटा गावची बेंजोपार्टी ठरवली. फोटोग्राफर तोच, कारण बायको ऐकेना. बिचारा जागचा न हलता फोटो काढत राहिला. सगळे आधार कार्डाला चालतील असे. मुलगीच कंटाळली आणि तिने गुपचूप त्याच्या दोस्ताला फोन केला. जासईची हळद आटपून दोस्त हजर झाला, आपट्याच्या वादकाकडून बेंजो मागून घेतला आणि सुरू झाला.

"आता बगा," म्हणत फोटोग्राफर उडालाच.

मुलीने फ्रेम करायला त्यानंतरचाच फोटो निवडला. सगळीकडे पिवळे फराटे, मधोमध बेंजोवाला स्पष्ट. कोपऱ्यात हवेत दोन पाय दिसतात. ते माझे आहेत, हे पाहुण्यांना पटवून द्यावं लागतं.