नवरदेवाची गाडी

काल जळगाव जामोदच्या फाट्यावर फुलांनी सजवलेली एक गाडी माझ्या गाडीशेजारी येऊन थांबली आणि झेंडूचा उग्र वास आत आला. मला माझंच लग्न आठवलं.

तेव्हा हा रस्ता खोदलेला होता. एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून आलेल्या ऑटोत एक बाई कण्हत पडली होती. तिचा नवरा उतरून हात जोडत म्हणाला, “भाऊ, दवाखान्यात नेऊन राह्यलो. जरा मांगं घ्या ना.”

माझ्या शेजारून मामा खेकसले, “नवरदेवाची गाडी मांगं घेत नसतात बे! अपशकुन होते.”

ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. मी मुंडावळ्या सावरल्या आणि काच वर केली. ऑटो मुकाट मागं गेला.

लग्न अगदी मुहूर्तावर लागलं. ती बाई पोचली का, हे मी आजवर कुणालाच विचारलेलं नाही.