पट्टीला हळू बोलायला लावणाऱ्या बाई

बाबांचा जुना कॉम्प्युटर घेऊन मी सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. सगळा कीबोर्डातच मावलेला, टीव्हीला जोडायचा. मोबाइलची बारीक अक्षरं बाबांना दिसत नाहीत, म्हणून यालाच नेट जोडून हवं होतं. आधीच्या दोन दुकानांनी तो भंगारात द्यायला सांगितलं होतं.

काउंटरमागच्या बाईंनी पदर खोचला. काढलेले स्क्रू त्या चहाच्या बशीत, निघाले त्याच क्रमानं मांडत होत्या. मग त्यांनी वायफायची छोटीशी पट्टी जोडली. पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटली.

"बिघडलाच ना?" मी वैतागून म्हणालो.

"नाही भाऊ. हे पट्टी लय जोरात बोलून राहिली, म्हणून त्याले समजून नाही राहिलं. म्हाताऱ्यानं काहून पळाचं? हिलेच हळू बोलाले लावते."

त्यांनी पट्टीचा वेग उतरवला. चिन्हांची सरळ अक्षरं झाली.

संध्याकाळी घरच्या टीव्हीवर नातीचा निरोप एकेक मोठ्या अक्षरानं उमटू लागला. बाबा चष्म्याशिवाय, बोट फिरवत वाचत होते. पुढचा शब्द मला केव्हाच कळला होता. सांगायला तोंड उघडलं आणि बाई आठवल्या. बाबा त्या शब्दापर्यंत आपले आपण पोचले.