आईच्या नावाचा कडीचा डबा

शोभना मूळची सांगलीची. नवरा हरीश मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याच्यामागून ती जर्मनीत नेकारसुल्मला आली तेव्हा सामानात कपडे कमी आणि भांडी जास्त. विमानतळावर हरीश वैतागला होता, पण भांड्यांशिवाय ही बाई परदेशात तग धरणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्यातलाच एक स्टीलचा कडीचा डबा, आईने लग्नात दिलेला. भांडीवाल्याकडून टिंबाटिंबांनी नाव घालून घेतलेलं: ‘चि. शोभनास आईकडून, मनोरमा.’ आई गेली तेव्हा व्हिसाच्या घोळात शोभनाला जाता आलं नव्हतं. तेव्हापासून तो डबा घासताना ती त्या नावावरून जरा हळूच हात फिरवायची. डबा घराबाहेर जायचा तो फक्त रेनाटेकडे.

रेनाटे खालच्या मजल्यावर एकटी राहायची. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. पहिल्याच हिवाळ्यात शोभनाची शाल बसमध्ये राहिली आणि ती जिन्यात रडवेली होऊन उभी होती. कुणी म्हातारी बाई हाताला धरून आपल्याला कुठे नेतेय, हेही तिला कळेना. रेनाटेने तिला नेलं फुंडब्युरोत, म्हणजे हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंच्या ऑफिसात. वाटेत एक वाक्य पाठ करून घेतलं: ‘दास गेह्योर्ट मिअर.’ हे माझं आहे.

“कुजबुजू नकोस,” रेनाटे म्हणाली होती. “आपली वस्तू मागायला लाजायचं नाही.”

शाल मिळाली, आणि मैत्रीणही. त्या गावात शोभनाला तेवढी एकच मैत्रीण. मग दर शनिवारी कडीचा डबा खाली जाऊ लागला. कधी सांजा, कधी आमटी. पहिल्यांदा तो रिकामा आणि लख्ख धुतलेला परत आला, तेव्हा शोभनाने रेनाटेला खुर्चीत बसवून समजावलं.

“आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात.”

“आणि नाही घातली तर?”

“तर समजायचं, आता येणं-जाणं बंद.” हा शेवटचा भाग शोभनाने पदरचा घातला होता, पण परिणाम झाला. त्यानंतर डब्यातून कधी बागेतले प्लम आले, कधी जॅमची बाटली. रेनाटे डब्यावरच्या नावाबद्दलही विचारायची. अक्षरांवर कागद ठेवून तिने एकदा पेन्सिलीने ठसा घेतला. आपल्या आईची एवढी विचारपूस कोण करतं या मुलखात?

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात डबा खाली गेला तो आलाच नाही.

“अगं, खाली जाऊन मागून आण ना,” हरीश म्हणाला.

“अहो, डबा कुणी मागतं का? शोभतं का ते? देईल ती. काहीतरी खास करत असेल.”

खास तर खरंच करत होती. एक दिवस रेनाटे आमंत्रण घेऊन आली. दादा नावाच्या चळवळीला नव्वद वर्षं झाली होती, आणि तिच्या कलामंडळाने प्रदर्शन भरवलं होतं. ती डोळे चमकवत सांगत होती. पहिल्या महायुद्धात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. तेव्हा काही तरुण कलावंत म्हणाले, ज्या सभ्य जगाने हे केलं त्याची सुंदर कलाही नको. त्यांनी वर्तमानपत्रं कापून चिकटवली, बर्लिनमध्ये छताला डुकराच्या तोंडाचा शिपाई टांगला. कुठलीही वस्तू उचलून मांडा, झाली कला! शोभनाला पटलं नाही, पण मैत्रिणीचा समारंभ म्हणून ती पैठणी नेसून, हरीशला ओढत गेली.

दालनाच्या मधोमध फळीवर डबा पक्का बसवलेला होता. कडी कापलेली. बुडातून आरपार जाडजूड स्क्रू. आणि आईच्या नावावर काळ्या रंगात झोकात सही: रेनाटे. खाली चिठ्ठी होती, ‘फुंडश्टुक, आशिया.’ सापडलेली वस्तू.

शोभनाने ती दोनदा वाचली.

“रेनाटे, हा सापडला तुला? कुठे सापडला?”

“तसं म्हणायची रीत आहे गं,” रेनाटे हसली. “आणि तूच सांगितलंस ना, भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात? मी हा गावाला दिला, म्हणून माझं नाव.”

“जे आपलं असतं ते देतात! हे माझ्या आईचं नाव आहे. तुला ठाऊक होतं.”

“म्हणून तर! पवित्र मानलेलंच मोडायचं, तोच तर दादा.”

मोडायचंच होतं तर स्वतःच्या आईचं काही मोडायचं होतं. पण रागाच्या भरात शोभनाला जर्मनमध्ये एकच वाक्य सुचलं.

“दास गेह्योर्ट मिअर!” ती ओरडली. अजिबात कुजबुजली नाही.

एका गृहस्थाला हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्याने टाळ्या वाजवल्या. हरीशने मात्र किल्ल्यांच्या जुडग्यातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मुकाट्याने डबा सोडवला. रेनाटे “आबर, शोभना... पण, शोभना...” म्हणत राहिली.

घरी शोभनाने थिनरने सही पुसली. टिंबं एकेक करून वर आली, मनोरमा दिसली, पण बुडाचं भोक तसंच राहिलं. त्यात आता आमटी राहणार नव्हती, साखरही नाही. ती ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडली. डब्यासाठी रडली, आणि आईबद्दल विचारणारी ती बाई डबाच बघत होती, यासाठी जास्त.

पुढच्या शनिवारी बेल वाजली. दारात रेनाटे, हातात प्लमच्या केकची ताटली, चेहरा ओशाळलेला.

“मी चुकले,” ती म्हणाली. “घेशील ना?”

“थांब,” शोभना म्हणाली. ताटली घेऊन ती आत गेली. केक हरीशच्या बशीत काढला. ताटली घासली, विसळली, फडक्याने कोरडी पुसली. फळीवर साखरेचा डबा समोरच होता. तिने तो उघडला, चमचा उचलला, आणि परत ठेवला.

तिने ताटली रेनाटेच्या हातात दिली. रेनाटेने खाली पाहिलं, मग शोभनाकडे पाहिलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

शोभनाने दार लावून घेतलं.