मुशीचं तेल आणि आईची हाडं

आईला रक्ताचा कॅन्सर झालाय आणि तो तिची हाडं पोखरतोय, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी वर फिरणारा पंखा बघत होते. आईने एवढंच विचारलं, "बोंबील टाकायला बसता येल का?" घिवलीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाडांनी साथ दिली तर.

औषधांत ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही होत्या. मी चिडले. वडिलांनी मोर्च्यांतून आणलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले, आणि आई आजारी पडली त्याच वर्षी आमच्या संघटनेचं पत्रक निघालं होतं: टॉनिकं ही गरिबांची लूट आहे. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "लूट आहेच. पण यांच्या हाडांना हे लागतं. कॅन्सर याने बरा होणार नाही, तेही लिहा."

घरी मावशीने मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, काळीज कढवून तेल काढलं. आमच्याकडे बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला हेच पाजतात. आई सकाळी गोळी घ्यायची, संध्याकाळी तेल. मग तिची तहान भागेना. उलट्या सुरू झाल्या, बोलता बोलता ती हरवायची. आजार वाढला असं धरून आम्ही तिला परत मुंबईला नेलं.

रक्तात कॅल्शियम फार चढलं होतं. "आणखी काय देता?" डॉक्टरांनी विचारलं. मावशीने पिशवीतून बाटली काढली.

"यातही तेच जीवनसत्त्व आहे. किती, ते कुणालाच माहीत नाही. या आजारात हाडातलं कॅल्शियम आधीच रक्तात उतरतं. तेल कायमचं बंद. गोळीही सध्या नको, मी सांगेन तेव्हाच."

"तेलानं कोण मेलाय आजवर?" मावशी म्हणाली. "तुमी कदी प्यालाव काय?"

"नाही."

"मग?"

सलाइन लावलेली आई म्हणाली, "गप गो. त्यांनाच पाज, हाडं दिसतात त्यांची."

कॅल्शियम उतरलं. मला पत्रक लिहायचं होतं, पण कुणाविरुद्ध ते सुचेना. गोळी लिहून देणारा, तेल कढवणारी, दोघंही माझ्यासमोर सारखेच बसले होते. राग शोधला, तो नव्हता.

थंडीत आई किनाऱ्यावर बसली. वाकता येत नव्हतं, म्हणून पाटीतले बोंबील मी उचलून देत होते. ती एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी दोरीवर टाकायची. दुपारपर्यंत तिची एक दोरीही भरली नाही. शेजारच्या बायका आमच्याकडे बघायचं टाळत होत्या.

"हळू देतेस," आई म्हणाली.

मी भरभर देऊ लागले.